भट्टीवाले भाऊ आन माजी मागली भिंत

हडपसरपासनं पार स्वारगेटपर्यंत घरोघर फिरलात तरी भट्टीवाल्या भाऊंसारखा दुसरा मानूस गावनार न्हाई, आन गावलाच तर माज्याकडं धाडू नका. एकच बास झाला. लोक कुनाच्या काठीला भितात, कुनाच्या जिभंला भितात. मी अकरा वर्सं ह्या मानसाच्या पाठीला भ्याले. वाईट मानूस न्हवता, तेवढं आदीच सांगून टाकते. उलट इतका सरळ की बसमधी धक्का लागला तर खांबाची माफी मागायचा. पन रोज दुपारी चारला त्यो माज्या खोलीत यायचा, पोतं हातरायचा, माज्या मागल्या भिंतीला पाठ टेकून बसायचा, आन मी च्या गाळता गाळता मनात म्हनायची, आज. आज ह्याला कळतंय.

काय कळनार ते सांगते. आता झाकून ठेवन्यासारखं काई ऱ्हायलं न्हाई.

आमी सोलापूरकडचे. तिकडं पाऊस येरवाळीच पाठ फिरवतो. खडी फोडायच्या कामावर आमचं लगीन झालं म्हना ना, कारन लग्नाच्या तिसऱ्या दिशी दोगं बी हातोडी घेऊन बसलो व्हतो. मंग कुनीतरी म्हनलं, पुन्याला इमारती उठायल्यात, हाताला काम हाय, तसं आलो. हडपसरच्या पुढं खडकवासल्याचा कालवा जातो, त्याच्या वरल्या अंगाला एक टेकाड हाय. त्या टेकाडाच्या कुशीत एक पडकी भट्टी व्हती, लोखंड गाळायची. इंग्रज नवा नवा आलता तवा कुना सायबानं बांधलेली. पन ते आमाला कुटं ठावं? आमाला दिसला इटांचा ढीग. इटा बी कशा, एका अंगानं काळ्याभोर, वर काच वतल्यावानी चमकत्यात. एका इटंला तर कवठायेवढी लोखंडाची गाठ चिकटलेली. आमचे मालक म्हनले, "ह्या आगीतनं आल्यात, पावसाला काय भित्यात." टेकाडावरची समदीच बायामानसं न्यायची, कुनी धुनं धुवायला, कुनी उंबऱ्याला. आमी डोक्यावरनं आनल्या आन खोलीची आख्खी मागली भिंत त्याचीच उठवली. मालकांनी चमकती बाजू आत घेतली. म्हनले, "एक दिवा लावलास की भिंतीत धा दिसतील." दिसायचे बी.

वरीसभरात मालक एका काचंच्या कंपनीच्या परांचीवरनं पडले, ते ग्येलेच. आमची लेक नंदा तवा चार वर्सांची. पाचव्या दिशी मी त्याच इमारतीवर घमेलं उचललं, दुसरीकडं तवा काम न्हवतं. त्येच्यावर जास्त बोलत न्हाई. मालकांच्या हातचं म्हनून ती भिंत तेवढी ऱ्हायली.

आन मंग जुन्या इमारती जपनाऱ्या सरकारी खात्याची मानसं आली. टेकाडाला तारंचं कुंपन घातलं, निळी पाटी ठोकली. शेजारची शेवंता शिकल्याली, चौथीपर्यंत. तिनं पाटी वाचली की हितली वस्तू जो फोडंल, हलवंल, नेईल, त्याला सजा. मी घरात आले, भिंतीकडं बगितलं. भिंत माज्याकडं बगून चमकली. त्या दुपारी मी दोन पाट्या शेन-माती कालवली आन भिंतीला आतनं-भाईरनं असा गिलावा दिला की मालकांचे धा दिवे एका झटक्यात इझले.

आन त्याच पाटीच्या मागनं भाऊ आले, राखनदार म्हनून.

पेठेतला मानूस. बोलनं कसं, तर एकेक अक्षर धुऊन पुसून ठेवल्यावानी. स्वारगेटवरनं बस धरून यायचे, हातात छत्री, काखंत डबा, आन खिशात सुतळीला बांधल्यालं एक लोहचुंबक. मानसाला तर सोडाच, कुत्र्याला बी आपन म्हनायचे. भट्टीच्या तोंडाशी एक खरजुलं कुत्रं निजायचं, त्याला म्हनायचे, "आपण जरा त्या बाजूला होता का? इथे निखारे असायचे." कुत्रं उठायचं बी. आत जाताना भट्टीपुढं चपला काढायचे. पडकी भट्टी कुनी म्हनलं तर म्हनायचे, "आपल्या घरी म्हातारं माणूस असेल ना? त्याला काय म्हणता?" पावसाळ्यात छत्री भट्टीच्या धुराड्यावर बांधायचे आन सवता भिजत हुबं. सर्दीनं नाक लाल, आन आमाला सांगायचे, "मला औषध मिळतं. तिला मिळत नाही."

खात्याची पाटी एक व्हती, पन भाऊंनी आपल्या हातानं पुट्ठ्यावर आनखी लिवल्या. नंदा पुढं साळंत जाया लागली ती ह्या पाट्यांवरच वाचायला शिकली. एक व्हती, "येथे नाव कोरू नये. आपले नाव कोणीही वाचत नाही." दुसरी, "येथे जोडीने बसण्यास हरकत नाही. विटांवर बसण्यास आहे." आन एक नुसतीच, "मी पाहत आहे." ती पाटी आमच्या घराच्या बाजूला तोंड करून व्हती. नंदानं वाचून दाखवली तवा माज्या हातातलं पीठ सांडलं.

आता ते चुंबक. त्या चुंबकानं आमच्या वस्तीला जेरीला आनलं. दिसंल त्या वस्तूला लावून बगायचे. शेवंताच्या पोरीच्या लग्नात रुखवताला भांडी मांडल्याली, पावनी बसल्याली, आन ह्यांनी समद्यांदेखत एकेक भांड्याला चुंबक लावलं. डबा चिकटला, ताट चिकटलं, कळशी चिकटना. वराचा बाप इचारतो, "काय हो, खोटं हाय का?" भाऊ म्हनले, "अहो, उलट. न चिकटणारंच चांगलं. हे चिकटतंय ते ताट परत करा." लगीन मोडता मोडता ऱ्हायलं. ओढ्याच्या मातीतनं सुतळी ओढत फिरायचे, चुंबकाला काळी भुकटी लागायची, ती चिमटीनं काढून लोनच्याच्या बरनीत भरायचे. कंपनीतली पोरंपोरी गळ्यात पट्टे घालून दुपारचं जेवायला टेकाडावर यायची. एकदा एकाला भाऊंनी धरलं.

"आपल्या कंपनीत काय तयार होतं?"

"सॉफ्टवेअर, अंकल."

"हे चिकटेल का त्याला?"

"नाही हो अंकल, ते हातात धरता येत नाही."

"मग आहे कशावरून?"

पोरगं हसलं. भाऊ हसले न्हाईत. त्या पोराला सोडलं ते घंट्याभरानं, भाता कसा चालायचा, कोळसा कुटनं यायचा, समदं सांगून. जाताना पोरगं म्हनलं, "अंकल, तुम्ही खूप पॅशनेट आहात." भाऊंनी मला इचारलं, "बाई, ही शिवी आहे का?" मला काय ठावं.

पन माजा जीव ज्यानं टांगनीला लागला ती खोड वेगळीच. ह्या मानसाला भट्टीची ईट अन् ईट वळकू यायची. दुसऱ्याच म्हैन्यात शेवंताच्या मोरीपुढं हुबे ऱ्हायले. म्हनले, "बाई, आपण ज्या विटेवर धुणं आपटता, ती आमची आहे." शेवंता काय ऐकनार? म्हनली, "तुमच्या नावाचा शिक्का हाय का तिच्यावर?" भाऊ भांडले न्हाईत. छत्री उघडली आन मोरीपुढं बसले. दिसभर. दुसऱ्या दिशी पुन्हा. तिसऱ्या दिशी शेवंताचा दाल्ला अंघोळीविना कामाला ग्येला, तवा तिनंच ईट उचलून पुढं टाकली. भाऊंनी ती सवताच्या टावेलात गुंडाळली, तान्ह्या लेकरावानी खांद्यावर घेतली आन भट्टीत जिथली तिथं नेऊन बसवली. मंग पानटपरीवाल्याची पायरी ग्येली, देवळापुढचा दगड ग्येला, दळनाच्या गिरनीतला टेकू ग्येला. वस्तीतल्या बाया सांगायच्या, आज हिची धरली, आज तिची. मी मान डोलवायची आन घरी यिऊन सारवायला बसायची. बाकीच्या बाया सना-सुदीला सारवतात, मी दर सोमवारी. नंदा म्हनायची, "आये, भिंत जाड होत चाललीय, एक दिस आपन बाहेर आन भिंत आत असंल."

आन हाच मानूस रोज चारला माज्याकडं च्या प्यायला. मी तवा घमेल्याचं काम सोडून दारातच च्या-पिठलं इकायला लागले व्हते. दारात बाकडं व्हतं, आत बाज व्हती. भाऊ बाकड्यावर बसनार न्हाईत, बाजंवर न्हाई. त्यांना मागली भिंतच पायजे. मी म्हनायची, "भाऊ, दारात वारं हाय." ते म्हनायचे, "वाऱ्याने चहा निवतो." मी खुर्ची मागून आनली, तर तिला चुंबक लावून बगितलं आन डबा ठेवला तिच्यावर. शेवटी मी मोठा रांजन त्या भिंतीला लावला, नेमका पाठीच्या जागी, काठोकाठ भरून. भाऊ आले, रांजनाकडं बगितलं, माज्याकडं बगितलं, दोनी हातांनी रांजन कवटाळला आन इंच इंच सरकवला. एक थेंब सांडला न्हाई. मंग पाठ टेकली. त्या दिसापासनं रोज मी रांजन लावायची, रोज ते सरकवायचे, आन दोगंबी काई बोलायचो न्हाई.

एकदा म्हनले, "बाई, आपण ही भिंत फार जपता."

मी म्हनलं, "मालकांच्या हातची हाय."

"दिसतंच आहे," म्हनले आन बशीत च्या वतला.

आन एकदा तर कहर झाला. हात धुवायला उठले, चुंबक ओलं व्हईल म्हनून ते मागं भिंतीकडं नेलं, आन त्ये भिंतीला लटकलं. शेनाच्या भिंतीला! आत ती गाठीची ईट व्हती ना मालकांनी बसवल्याली, तिनं धरलं त्याला. मी च्याचं भांडं हातात घेऊन हुबी. वाटलं, आता ह्यो छत्री उघडून बसंल माज्या दारात, आन मी काय काढून देनार ह्याला, भिंत? भिंत काढली की पत्रा खाली. पत्रा खाली आला की नंदाला घेऊन मी कुटं? भाऊंनी हात पुसले. चुंबक भिंतीवरनं उपटलं, सुतळी गुंडाळली, खिशात ठेवलं आन म्हनले, "आज साखर जास्त झाली आहे." बास. त्यांनी बगितलं का न्हाई, कळलं का न्हाई, मला काई उमगंना. तीन दिस मला अन्न ग्वाड लागलं न्हाई.

त्यांनी एक गोस्ट मात्र मला सांगितली, खात्याला बी ठावं नसंल अशी. थंडीचे दिस व्हते, पाठ भिंतीला, बशी हातात. म्हनले, "बाई, कोणाला सांगू नका. ती चाललीच नाही."

"कोन?"

"भट्टी. जेमतेम एक उन्हाळा. लोखंड निघालं ते ठिसूळ, हातोडी मारली की तुकडे. साहेब तापाने गेला, कामगार निघून गेले. तिच्या लोखंडाचा खिळासुद्धा कुठे ठोकला गेला नाही."

मी म्हनलं, "मंग तुमी एवढं कशापायी करताव तिचं?"

भाऊंनी बशी खाली ठेवली. "जी चालली असती तिचं सगळ्यांनीच केलं असतं," म्हनले. मंग एकदम चिडले. "आणि हे आपण मनावर घेऊ नका. पोहे फार तिखट झाले आहेत." मी त्या दिशी पोहे केलेच न्हवते.

असं करत अकरावं वरीस लागलं. टेकाडाच्या चारी बाजूनं काचंच्या कंपन्या उठल्या. मालक पडले ती इमारत तर आता जुनी वाटाया लागली. आन त्या साली भाऊंचं हर्नियाचं आपरेशन झालं. तीन आठवडे यायचे न्हाईत. जाताना मला म्हनले, "बाई, जरा लक्ष असू द्या." मी हो म्हनलं.

ते ग्येले आन ठेकेदार आला. खात्यानं दुरुस्तीला धाडल्याला. गडी बरे व्हते, मीच त्यांना च्या दिला. त्यांनी भट्टीतल्या उरल्यासुरल्या काळ्या इटा, भाऊंनी खांद्यावरनं आनल्याल्या समद्या, उपटून डंपरमधी भरल्या, आन त्ये डंपर कुटं भराव घालायला ग्येलं कुनाला ठावं. नव्या लाल इटा लावल्या, शिमीट मारलं, वर गेरू. पुढं एक कारंजं केलं आन शिमीटाचं हरीन बसवलं. मी समदं दारातनं बगत व्हते. आन खरं सांगते, मला वाईट वाटायच्या आदी बरं वाटलं. म्हनलं, चला, आता जुळवून बगायला ईटच ऱ्हायली न्हाई. माजी भिंत सुटली. असा इचार मी क्येला. लक्ष ठेवते म्हनून सांगितल्यावर क्येला.

भाऊ आले, पोटाला पट्टा बांधून. हरनाकडं बगितलं. चपला काढल्या, आत ग्येले, खिशातनं चुंबक काढलं, एका लाल इटंला लावलं. खाली पडलं. दुसऱ्या इटंला लावलं. खाली पडलं. अशी आख्खी भट्टी फिरले. मंग चपला घातल्या. दोन दिस ते माज्याकडं च्याला आले, रांजन सरकवला, पाठ टेकली. तिसऱ्या दिशी एक पाटी लावली. नंदा आता धाव्वीत व्हती, तिनं वाचली, "ही भट्टी नवीन आहे. जुनी पाहायची असल्यास आपल्याला उशीर झाला आहे."

पाटी खात्यानं काढली. पन त्या पाटीचा कुनीतरी फोटू काढला व्हता, आन त्यो वर पोचला. मंग निरोप आला की हापिसातनं मॅडम येत्यात तपासायला. कंपन्यांना टेकाडातनं रस्ता पायजेच व्हता, खालच्या अंगानं गेला तर वळसा पडतो. आता मॅडम बगनार की हितं जुनं काय शिल्लक हाय का. असंल तर कुंपन ऱ्हाईल. नसंल तर यादीतनं नाव जानार, आन रस्ता सरळ भट्टीवरनं. आमची घरं वर असल्यानं आमाला धक्का न्हवता. धक्का व्हता तो भट्टीला, आन भाऊंना.

त्या आठ दिसांत मी दोनदा सारवलं. नंदा म्हनली, "आये, सोमवार न्हाई आज." मी म्हनलं, गप. भाऊ रोज यायचे. पाठ टेकायचे. मला वाटायचं इचारावं, भाऊ, जुनी ईट घावली तर काय व्हईल? तोंडाशी यायचं आन मी साखर टाकायची. च्या दिसादिसानं ग्वाड व्हत चालला. भाऊ काई न बोलता प्यायचे, हीच मला भीती.

मॅडम आल्या. सुती साडी, हातात फायली, आवाज बारीक पन सरळ. समदी वस्ती गोळा झाली व्हती. मॅडमनी भट्टी बगितली, हरीन बगितलं, डोक्याला हात लावला. मंग म्हनल्या, "अहो, यातलं मूळ काहीच नाही. बाहेर कुठे काही राहिलंय का? कोणाच्या घरी, कुठे? तुम्ही अकरा वर्षं इथे आहात, तुम्हाला तर माहीत असेल."

भाऊ हुबे व्हते. भट्टीबद्दल ह्या मानसानं कदी अर्धं अक्षर खोटं बोलल्यालं मी ऐकलं न्हाई. लग्नातलं ताट परत करायला लावनारा मानूस. त्यांचा हात खिशात व्हता, आन खिशातनं सुतळी वळवळताना दिसत व्हती.

"नाही," म्हनले. "कुठेच नाही."

"नक्की?"

"मॅडम, मी सगळी घरं तपासली आहेत."

समदी घरं म्हनले आन जमिनीकडं बगत ऱ्हायले. तवा मला कळलं. पत्रा खाली यावा तसं एकदम आंगावर आलं. ह्या मानसानं समदी घरं तपासली व्हती. माजं बी.

मॅडमनी फाईल मिटायला घेतली. मी अकरा वर्सं भ्याले व्हते, आन भिऊन भिऊन इतकी शिनले व्हते की आता भ्यायला सुदिक आंगात जोर न्हवता. मी म्हनलं, "हाय. माज्या घरात हाय."

भाऊ गर्रकन वळले. "बाई, आपल्याला कोणी विचारलं?"

"मॅडमनी इचारलं."

"मॅडमनी मला विचारलं!"

"तुमी खोटं सांगितलं म्हनून मी बोलते."

शेवंता मागनं वरडली, "अगं, खुळी का काय तू? घर पाडतील तुजं!" मी काई थांबले न्हाई. मॅडमला घरात आनलं. रांजन सरकवला, भरल्याला, माज्याच्यानं सरकला त्या दिशी. विळी घेतली आन भिंत खरवडाया लागले. अकरा वर्सांचं शेन, दर सोमवारचं. भाकरीचे पापुद्रे निघावे तसं निघत व्हतं, एकाखाली एक, एकाखाली एक. मॅडम पदर नाकाला लावून हुब्या. भाऊ दारात, आत यायला तयार न्हाईत. आन मंग ते काळं लागलं. मी हातानं पुसलं. दारातनं ऊन आलं आन भिंत अशी चमकली की नंदा म्हनली, "आये, हे काय गं?" झाकली तवा ती चार वर्सांची, तिला आठवतच न्हवती. तिच्या बापाची भिंत, आन मी लेकीपासनं बी लपवली.

मॅडम खालीच बसल्या भिंतीपुढं. बोटानं काच चाचपली. म्हनल्या, "अहो, ह्या तर आतल्या अस्तराच्या विटा. अशा ओळीने लावलेल्या, एकही तडकलेली नाही. ठेकेदाराला सापडल्या असत्या तर..." आन भाऊंकडं वळून म्हनल्या, "तुम्हाला हे खरंच माहीत नव्हतं?"

भाऊ दारातनंच बोलले, लई रागानं. "तिसऱ्या ओळीत डावीकडून चौथी वीट यांच्या यजमानांनी उलटी बसवली आहे. मी पहिल्या दिवसापासून पाहतो आहे. गिलावा ओला होता तेव्हा तिची कड उमटली होती."

मॅडमनी मोजलं. चौथी ईट उलटी व्हती.

मी म्हनलं, "भाऊ, शेवंताच्या मोरीपुढं तीन दिस बसला तुमी. मंग माज्या दारात का न्हाई बसला?"

"बसलोच की," म्हनले. "अकरा वर्षं बसलो." आन मंग आवाज जरा खाली आला. "त्यांच्याकडे ती नुसती पडली होती, बाई. इथे ती कामाला लागली होती."

एवढं बोलून ते भाईर ग्येले आन कुत्र्याला काईतरी आपन-आपन करत बसले.

त्येच्या पुढचे दोन म्हैने कसे ग्येले ते माजं मला ठावं. मॅडमनी फोटू काढले, लिवून नेलं, म्हनल्या वरनं कागद येईल. मी रोज गाठुडी बांधून ठेवायची, रोज सोडायची. भाऊ यायचे, उघड्या भिंतीला पाठ टेकायचे, आन म्हनायचे, "गाठोडं वाटेतून काढा. बशी ठेवायला जागा नाही." कागद आला तो नंदानं वाचला. भिंत जितं हाय तितंच जतन करायची. पाडायची न्हाई, हलवायची न्हाई, त्येच्यासाठी खोली बी तशीच ऱ्हायली पायजे. ज्या भिंतीपायी घर जाईल म्हनून मी भ्याले, तिनंच घर धरलं. रस्त्याला खालनं वळसा पडला, कंपनीची पोरं अजून त्येच्यावरनं शिव्या घालत जात्यात.

आन मंग भाऊंनी मला छळलं. माज्या दाराला निळी पाटी आली, तिच्याखाली त्यांनी आपली पुट्ठ्याची लावली. "भिंतीस खिळा मारू नये. उदबत्ती टेकवू नये. सारवू नये, सोमवारीही नाही. भिंतीस टेकू नये." मी इचारलं, "मंग तुमी?" म्हनले, "अहो, मी टेकत नाही. मी तपासतो."

पुढं त्यांची नोकरी सरली. तरी यायचे, पास काढून. मंग गुडघे धरले. मुलानं खडकवासल्याच्या वाटंवर कुटंतरी फ्लॅट घेतलाय, लिफ्टचा. नंदा कामावर जाताना एकदा भेटून आली. म्हनली, आये, त्यांनी लिफ्टला चुंबक लावून ठेवलंय आन सोसायटीवाले वैतागल्यात. मी लई हसले. मंग ती म्हनली, इचारत व्हते, भिंत बरी हाय का. मी इचारलं, माजं न्हाई इचारलं? तर म्हनली, न्हाई.

नवा राखनदार बरा हाय, आपला फोनात बगत बसतो, बाकड्यावर. घरात संध्याकाळी दिवा लावला की भिंतीत धा दिसत्यात, एक उलट्या इटंत जरा वाकडा. त्या भिंतीवर एका जागी, बसल्या मानसाच्या डोक्याच्या उंचीला, तेलाचा डाग हाय. मॅडमची मानसं पुसायला आली व्हती. मी म्हनलं, पाटी वाचा, हितलं काई पुसायचं न्हाई.

पाटीत तसं काई न्हाई. पन त्यांनी पुसलं न्हाई.

रांजन मी अजून त्याच जागी भरते, सवय. आन चार वाजायला आले की सरकवून ठेवते. आता माज्याच्यानं तेवढा सरकत न्हाई, थोडं पानी सांडतं.